विचारा ताईंना: सादळलेलं चूर्ण आणि मोबाईलवरचा रिपोर्ट

प्रश्न: ताई, सासूबाईंसाठी जूनमध्ये अर्धा किलो अश्वगंधा चूर्ण आणलं. ऑगस्टच्या झडीत डब्यात गठुळ्या झाल्या, कुबट वासही येतोय. सासूबाई म्हणतात, चाळ, उन्हात घाल, दुधात उकळलं की काही होत नाही. दुकानदारानं मोबाईलवर लॅबचा रिपोर्ट दाखवला होता, त्यात ‘ॲफ्लाटॉक्सिन: नॉट डिटेक्टेड’ असं होतं. टाकायचं जिवावर येतंय. (एक वाचक, मंगळवार पेठ)

टाका. सासूबाई दोन दिवस बोलतील, पण टाका.

बुरशी वेगळी आणि बुरशीचं विष वेगळं. चाळणीत गठुळ्या अडकतील, उकळल्यावर बुरशी मरेल, पण तिनं आधीच सोडलेलं विष चूर्णातच राहतं. ॲफ्लाटॉक्सिन हे असंच बुरशीचं विष, ते मोडायला दोनशे अंशांच्या वर आच लागते. दूध शंभराच्या आसपासच उतू जातं. आता कुबट वास आला म्हणजे विष आहेच, असंही नाही. सगळ्या बुरशा ते करत नाहीत. पण खात्री करून घ्यायला लॅबला जे पैसे मोजाल, त्यात असे कितीतरी डबे येतील. आणि हे विष यकृतावर जातं. त्यातला बी१ हा प्रकार माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. तो मका त्यांचं रोजचं जेवण होता, तुमचं चमचाभर चूर्ण आहे, हे मान्य. तरी औषध म्हणून हे कशाला पोटात घालायचं?

आता रिपोर्ट. मी सव्वीस वर्षं टेस्टिंग लॅबमध्ये काढली, त्यामुळे इथं जरा पाल्हाळ होईल.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी लक्ष्मीपुरीतल्या एका गोदामात सुंठीचा नमुना घ्यायला गेले होते. बाहेर धो धो पाऊस, आत जायचा कंटाळा. दाराजवळच्या पोत्यातून, हात पोचला तिथून, दोन मुठी सुंठ पिशवीत भरली. लॅबमध्ये दळली, मिथेनॉल-पाण्यात हलवली, गाळली, बारक्या नळीतून सोडली. त्या नळीत ॲफ्लाटॉक्सिनलाच धरून ठेवणारी प्रतिपिंडं असतात. बाकी सगळं वाहून जातं. मग मशीन. कागदावर रेघ सपाट, म्हणजे विष सापडलं नाही. मी खुशीत ‘पास’ लिहिलं.

सरांनी एकच विचारलं, “किती पोत्यांतून घेतलंस?” आणि परत पाठवलं. या वेळी पोकळ सळई खुपसून प्रत्येक थरातून घेतलं, भिंतीकडच्या खालच्या पोत्यांतूनही. त्यांना फरशीची ओल लागली होती. सगळं एकत्र दळून लावलं, तर बी१ची रेघ कागदाच्या वरच्या कडेला जाऊन टेकली. माल तोच, मशीन तेच. हे विष आमटीतल्या मिठासारखं सगळीकडे सारखं नसतं हो. एखाद्या किडक्या कांडीतच ठाण मांडून बसतं. चूक मशीनची नव्हती, माझ्या हाताची होती.

तेव्हा ‘नॉट डिटेक्टेड’चा अर्थ एवढाच: त्या मुठीत, त्या लॅबला मोजता येणाऱ्या आकड्याच्या वर काही सापडलं नाही. दुकानदाराला विचारा, रिपोर्टवरचा बॅच नंबर पाकिटावरच्या नंबराशी जुळतो का? बी१, बी२, जी१, जी२ चारही वेगवेगळे दिलेत का? कितीच्या खाली मोजता आलं नाही, तो आकडा लिहिलाय का? युरोपच्या औषधकोशात वनस्पती-औषधांसाठी बी१ २ पीपीबी आणि चारही मिळून ४ पीपीबी ही मर्यादा आहे. पीपीबी म्हणजे किती? गळीत हंगामात कारखान्याच्या दारात दहा-दहा टनांचे शंभर ट्रक उभे आहेत असं समजा. त्या सगळ्या उसात मिळून एक ग्रॅम, म्हणजे एक पीपीबी.

आणि तो रिपोर्ट खरा असला तरी पाकीट सीलबंद असतानाचा आहे. पुढचे दोन महिने झाकण तुमच्या स्वयंपाकघरात उघडत होतं, गॅसशेजारी, वाफेत. (ओला चमचा घातला नसेल, असं धरून चालते.)

प्रश्न: व्हिडिओ बघून यूव्ही टॉर्च मागवला. आमच्याकडची हळद, सुंठ, सगळंच चमकतंय! सगळ्यात विष आहे का? (बी.एस्सी.चा विद्यार्थी, राजारामपुरी)

हळद चमकणारच रे, त्यात तिचा स्वतःचा रंग आहे, तो या प्रकाशात उजळतो. तुझी कल्पना अगदीच वेडी नाही, बी आणि जी ही नावं त्या निळ्या आणि हिरव्या चमकेवरूनच पडली आहेत. आम्हीही काचेच्या प्लेटवर तो निळा ठिपका बघायचो. पण तिथं आधी बाकीचं सगळं वेगळं करून विष एकटं पाडलेलं असतं. सरळ डब्यावर टॉर्च मारून काही कळत नाही. टॉर्च परत घेत असतील तर देऊन टाक.

प्रश्न: ज्येष्ठमध पावसाळ्यात घ्यावा का? (गृहिणी, कागल)

एप्रिल-मेमध्ये घ्या, आणि पूड नको, काड्याच घ्या. मोडून बघा: कट्कन तुटली पाहिजे, आत पिवळी हवी, काळपट ठिपका दिसला तर परत करा. ज्येष्ठमधात ॲफ्लाटॉक्सिनपेक्षा ऑक्राटॉक्सिन या बुरशीच्या दुसऱ्या विषाची भीती जास्त, ते मूत्रपिंडावर जातं. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि लागेल तेवढंच कुटा.