भू-तांत्रिक (जमीन, माती आणि खडकातल्या बांधकामाची) मानके नुसती वाचली तर पुरेत का, की परिषदांना जायलाच हवे?

मानक वाचल्यावर नियम कळतो. तो का बदलला, हे बहुतेक वेळा परिषदेतल्या वादावादीत कळते. तेही व्यासपीठावरच्या भाषणापेक्षा चहाच्या वेळी जास्त.

बोगद्यांचेच घ्या. जमिनीखाली प्रत्यक्षात काय निघेल हे चार बोअरहोल (तपासणीसाठी जमिनीत पाडलेली खोल छिद्रे) घेऊन पुरते कळत नाही. खडक अपेक्षेपेक्षा वाईट निघाला तर जादा खर्च कोणाचा, यावर वर्षानुवर्षे भांडणे होत. फिडिक (सल्लागार अभियंत्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि आंतरराष्ट्रीय टनेलिंग संघटना यांनी मिळून भूमिगत कामांसाठी तयार केलेला 'एमराल्ड बुक' हा नमुना करार 2019 साली नेपल्सच्या जागतिक टनेल काँग्रेसमध्ये जाहीर झाला. त्यात 'जिओटेक्निकल बेसलाइन रिपोर्ट' (जमिनीखाली काय निघेल असे गृहीत धरले आहे ते मांडणारा अहवाल) हा कराराचाच भाग आहे: या अहवालात गृहीत धरलेल्या परिस्थितीपेक्षा जमीन वाईट निघाली, तर ती जोखीम मालकाची. तुम्ही डिझाइनमध्ये असाल तरी हे समजून घ्या, कारण अहवालातले तुमचे एक ढिसाळ वाक्य पुढे दाव्याचा आधार ठरू शकते.

युरोकोड 7, म्हणजे भू-तांत्रिक डिझाइनचे युरोपीय मानक, याचीही दुसरी पिढी आली आहे. आधी दोन भाग होते, आता तीन. भिंती, पाया, उतार वगैरे प्रत्यक्ष बांधकामांचे नियम तिसऱ्या भागात गेले. जुन्या कलमांचे क्रमांक पाठ असतील तर विसरा!

मृदा यांत्रिकी व भू-तांत्रिकीची आंतरराष्ट्रीय परिषद चार वर्षांनी भरते, टनेल काँग्रेस दरवर्षी. खिशाला परवडत नसेल तर शोधनिबंधांचे संग्रह मिळवून वाचा. त्यातही फसलेल्या कामांवरचे निबंध आधी.