षटकार गेला; आता माईकचं काय करायचं?

पावसाळा सरला की ठाणे-नवी मुंबईच्या मैदानांवर मंडप उभे राहतात आणि आमच्या टपालात समालोचनाचे प्रश्न वाढतात. या वेळी त्यातले पाच निवडले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्यांची बरीचशी उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

प्रश्न : आमच्या गावच्या टेनिस क्रिकेट स्पर्धेचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होतं. मागच्या वर्षी अंतिम सामन्यात शेवटच्या चेंडूवर षटकार बसला, पण रेकॉर्डिंगमध्ये समालोचकाचा फाटलेला आवाज सोडून काही ऐकू येत नाही. यंदा माईक माझ्याकडे आहे. ‘मोठ्या क्षणी गप्प बस’ असं सगळे सांगतात. सराव सामन्यात गप्प बसून पाहिलं, तर रेकॉर्डिंग नुसतं मुकं! लोकांनी फोन करून विचारलं, आवाज गेला का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुमचं काही चुकलेलं नाही, जोडणी चुकली आहे. बहुतेक गावस्पर्धांत समालोचकाचा एकच माईक मिक्सरला, म्हणजे आवाज जुळवायच्या यंत्राला, लागतो आणि तिथून एक वायर मैदानावरच्या स्पीकरला, दुसरी लॅपटॉपला जाते. म्हणजे प्रेक्षकांचा जल्लोष घरी बसलेल्याला ऐकू येतो तो तुमच्याच माईकमधून, तोही तुमच्या आवाजामागून. त्यातच लॅपटॉपवर ‘नॉइज सप्रेशन’ चालू असेल, तर ते सॉफ्टवेअर गर्दीचा आवाज कचरा समजून पुसून टाकतं. तुम्ही थांबलात की सगळंच थांबतं. टीव्हीवरचा समालोचक वीस सेकंद गप्प बसतो तेव्हा त्याच्या मागे मैदानाचे वेगळे माईक चालू असतात. ते नसतील तर गप्प बसण्याचा सल्ला निरुपयोगी आहे.

म्हणून आधी गर्दीसाठी एक वेगळा माईक लावा, दोन जमले तर उत्तम. सीमारेषेबाहेर, तोंड प्रेक्षकांकडे आणि स्पीकरच्या खोक्यांकडे पाठ. वाऱ्यासाठी स्पंजची टोपी हवीच. खाडीकडच्या मैदानांवर संध्याकाळी वारा एवढा असतो की टोपीशिवाय नुसती घरघर येते. हा माईक मिक्सरच्या स्वतंत्र चॅनेलवर घ्या आणि फक्त लॅपटॉपकडे पाठवा. चुकून मैदानावरच्या स्पीकरला गेला तर लगेच शिट्टी मारायला लागेल. नॉइज सप्रेशन या चॅनेलवर पूर्ण बंद. तुमचा आवाज मीटरवर साधारण उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान राहील असा ठेवा आणि गर्दीचा त्याहून दहा-बारा डेसिबल खाली. तुम्ही थांबलात की ऑपरेटरने गर्दीचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) एक-दोन सेकंदांत सावकाश वर न्यायचा, सहाएक डेसिबल. झटक्याने नेला तर कानाला धक्का बसतो. वेगळा माईक मिळालाच नाही, तर सीमारेषेजवळच्या कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज चालू ठेवा. काहीच नसण्यापेक्षा ते बरं.

आता फाटलेल्या आवाजाबद्दल. माईकची चाचणी ‘हॅलो, हॅलो, एक-दोन-तीन’ अशी शांतपणे होते आणि त्यावर गेन, म्हणजे माईकचा आवाज किती उचलायचा ते, लावला जातो. शेवटच्या षटकात तोच माणूस चौपट जोराने ओरडतो. चाचणीच्या वेळीच पूर्ण ताकदीने ‘सिक्स’ म्हणून ओरडा आणि तेव्हा मीटर उणे ६च्या वर जाणार नाही असा गेन ठेवा. माईक ओठांपासून तीन-चार बोटं दूर, जरासा बाजूला. ओरडायची वेळ आली तर वीतभर मागे सरका. उत्साहाच्या भरात बहुतेक जण नेमकं उलटं करतात, माईक जवळजवळ तोंडात घालतात.

आता बोलायचं काय? उंच मारलेला चेंडू चार-पाच सेकंद हवेत असतो. फटका बसताच एक शब्द, फार तर फलंदाजाचं नाव. चेंडू हवेत असताना काही नाही. तो पडला, पंचांनी हात वर केले, की एक वाक्य. मग थांबायचं. किती वेळ? मनात एक ते पंधरा मोजा, घाई न करता. नवख्याला पाचव्या आकड्यालाच कंठ फुटू पाहतो. पंधरानंतर निकाल, धावसंख्या आणि फलंदाजाचा आकडा. तोवर कॅमेराही धावत आलेल्या पोरांवरून हरलेल्या गोलंदाजापर्यंत जाऊन आलेला असतो.

ते एक वाक्य आधी पाठ करून ठेवू नका. पाठ केलेलं वाक्य लगेच ओळखू येतं आणि झेल सीमारेषेवर पकडला गेला तर ते घशातच अडकतं. कागदावर वाक्यं नकोत, आकडे ठेवा : हा संघ याआधी कधी जिंकला, फलंदाजाची धावसंख्या, किती चेंडू. २ एप्रिल २०११ला वानखेडेवर धोनीने षटकार मारला तेव्हा रवी शास्त्रींनी जे म्हटलं ते आजही लोकांना तोंडपाठ आहे. त्याचं हाडपेर बघा : सामना कोणी संपवला, चेंडू कुठे गेला आणि अठ्ठावीस वर्षांनी विश्वचषक. विशेषणं मोजकीच. सगळं वजन त्या अठ्ठावीसवर आहे.

आणखी दोन माणसं तुमची शांतता मोडतात. एक म्हणजे शेजारचा सहसमालोचक. त्याच्याशी खूण ठरवा : उघडा तळहात टेबलावर ठेवला की दोघेही गप्प. दुसरा म्हणजे चिठ्ठी घेऊन येणारा कार्यकर्ता. ‘माननीय अमुक यांचं आगमन झालं आहे’, ‘या षटकारासाठी तमुक यांच्याकडून पाचशे रुपये’. यांच्याशी भांडून उपयोग नाही, पैसे त्यांचेच असतात. स्पर्धेआधीच आयोजकांकडून कबूल करून घ्या की चिठ्ठ्या षटक संपल्यावर वाचल्या जातील आणि शेवटच्या दोन षटकांत एकही नाही. सामना संपला की सगळ्या एकत्र, सावकाश, नावं नीट उच्चारून. चिठ्ठी ठेवायला टेबलावर एक डबा ठेवा. हातात कागद आला की माणूस तो वाचतोच.

प्रश्न : क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये वेळ मिळतो. कबड्डीत चढाई तीस सेकंदांची आणि लगेच दुसरी. गप्प बसायचं कधी? – कळव्यातील एक मंडळ

उत्तर : चढाईच्या आत. कबड्डीला स्वतःचा आवाज आहे, तो म्हणजे चढाईपटूचा दम. मैदानावरची सगळी माणसं तो ऐकत श्वास रोखतात आणि आपण त्यावर ‘काय जबरदस्त चढाई, काय जबरदस्त चढाई’ ओततो.

सांगायचं ते चढाईपटू मध्यरेषा ओलांडायच्या आधी : कोण, समोर किती बचावपटू, ही दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी, म्हणजे गुण मिळवावाच लागणारी ‘करो या मरो’ चढाई आहे का. समोर सहा किंवा जास्त असतील तर बोनस खुला आहे, तीन किंवा कमी असतील तर पकडीला सुपर टॅकलचा जादा गुण आहे. एवढं एका दमात सांगता येतं. मग पहिली दहा-बारा सेकंद दम ऐकू द्या. मध्यरेषेच्या टोकाला, मैदानाबाहेर पंचांच्या बाजूला जमिनीलगत छोटा माईक ठेवलात तर तो घरापर्यंत पोचतो. शेवटची पाच सेकंद उरली की नुसता आकडा.

झटापट सुरू झाली की जीभ आवरा. ‘पकडला’ म्हणायची घाई हा कबड्डीतला सर्वांत मोठा अपघात. चार जण अंगावर असतात आणि चढाईपटूचं एक बोट रेषेला लागलेलं असतं. वर स्पर्शाचे गुण किती, बोनस धरला का, हे पंचांच्या हाताकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. हात वर गेला की गुण सांगा, आणि मग हवं तेवढं ओरडा.

क्रिकेटलाही हे लागू आहे. २ नोव्हेंबर २०२५ला नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शतक पूर्ण केलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या वोल्वार्डचा झेल भारताच्या अमनजोत कौरच्या हातातून निसटत निसटत अखेर पकडला गेला. चेंडू पहिल्यांदा हाताला लागला तेव्हाच जो ‘आउट’ म्हणाला असेल, त्याला पुढच्या सेकंदात दोनदा शब्द गिळावे लागले असणार.

प्रश्न : माझे वडील पाहू शकत नाहीत. ते मोबाइलवर सामना ऐकतात. हल्ली समालोचक मोठ्या क्षणी गप्प बसतात आणि ते मला विचारत राहतात, काय झालं गं? – एक वाचक, घणसोली

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, आणि वर दिलेल्या सल्ल्यावर ती अंकुश आहे. मराठी समालोचन घडलं आकाशवाणीवर. बाळ ज. पंडित, वि. वि. करमरकर यांच्या काळात ऐकणाऱ्याला काहीच दिसत नव्हतं. बोलणं भागच होतं. चित्र आल्यावर तीच सवय चालू राहिली म्हणून गप्प बसायला शिकवावं लागतं. पण नुसतं ऐकणाऱ्यांसाठी जुना नियमच खरा.

दोघांनाही सांभाळायचं असेल तर शांततेच्या आधी निकाल पूर्ण सांगा. ‘गेला!’ हे ऐकणाऱ्याला पुरत नाही. चेंडू गेला की गडी? ‘षटकार, सामना जिंकला’ एवढे तीन शब्द पुरेत. मग पंधराऐवजी सात-आठ सेकंद थांबा आणि पुढे जल्लोषात काय दिसतंय ते सांगा. धावसंख्याही वारंवार हवी. अमेरिकेतले बेसबॉल समालोचक रेड बार्बर टेबलावर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवत. वाळू सरली की धावसंख्या सांगायची आणि घड्याळ उलटं करायचं. टेनिस क्रिकेटच्या सहा षटकांच्या सामन्यात तीन मिनिटंही जास्त होतील, प्रत्येक दोन चेंडूंनी सांगा.

प्रश्न : मैदानावर खेळाडू कोसळला तर समालोचकाने काय करावं? मागे एकदा आमच्याकडे डीजेवर गाणं चालूच राहिलं होतं. – एक वाचक, नेरूळ

उत्तर : आधी गाणं बंद, तेही तुमच्या माईकवरून सांगून. मग कामाचं तेवढंच बोला : डॉक्टर असतील त्यांनी टेबलाजवळ यावं, १०८ला फोन कोणी केला, गेटसमोरच्या दुचाकी काढा. कोणाला तरी रस्त्यावर उभं करा. रुग्णवाहिका मैदानाचं तोंड शोधत फिरते, त्यातच वेळ जातो.

काय झालं असेल याचा अंदाज करू नका. ‘अटॅक आलेला दिसतोय’ हे वाक्य थेट प्रक्षेपणातून त्याच्या घरी पोचतं. नावही घेऊ नका, ‘खेळाडूला मदत मिळते आहे’ एवढं पुरे. कॅमेरा लांबचा ठेवायला सांगा, तो क्षण पुन्हा दाखवू नका. १२ जून २०२१ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्क-फिनलंड सामन्यात ख्रिश्चन एरिक्सन कोसळला तेव्हा सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडं केलं, ते कॅमेऱ्यांपासून त्याला झाकण्यासाठीच. समालोचकानेही तसंच कडं करायचं असतं. दर मिनिट-दोन मिनिटांनी एक वाक्य, सपाट आवाजात. मधली शांतता भरायला जाऊ नका. ‘पण खेळ थांबत नाही, मित्रांनो’ असलं तत्त्वज्ञान तर मुळीच नको.

प्रश्न : मी कॉलेजच्या स्पर्धांचं समालोचन करते. आमचा संघ जिंकला की माझा गळा दाटून येतो. हे अव्यावसायिक आहे का? आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद करावे लागतात तेव्हा आवाज कसा लावावा? – एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : गळा दाटला तर थांबा. दाटलेल्या गळ्याने बोलत राहिलात तर ऐकणाऱ्याचं लक्ष सामन्यावरून तुमच्यावर येतं. पाणी प्या, दहा सेकंद जाऊ द्या, मग सर्वांत साधं वाक्य बोला, धावसंख्येचं. १९४८मध्ये ओव्हलवर ब्रॅडमन शेवटच्या कसोटी डावात दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर त्रिफळाचीत झाला, तेव्हा रेडिओवर जॉन अरलॉट यांनी आधी काय घडलं ते सांगितलं आणि मग अशा वेळी बोलायचं तरी काय, असा प्रश्नच बोलून दाखवला. भावना त्या प्रश्नात मावली.

पट्टीचं गणित गाणाऱ्यांना ठाऊक असतं. पहिल्याच षटकात तार सप्तक लावलं तर शेवटच्या षटकासाठी वर जागा उरत नाही. साधा चौकार बोलण्याच्या आवाजात सांगा. वरची पट्टी सामन्यात दोनदा-तीनदाच लावायची. आणि गर्दी आधीच किंचाळत असेल तेव्हा आवाज खाली आणलेला जास्त ऐकू येतो, हे करून बघा. जेमिमा रॉड्रिग्सने ३० ऑक्टोबर २०२५ला महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात नाबाद १२७ करून ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९चं लक्ष्य गाठून दिलं आणि ती मैदानावरच रडली. अशा चित्रावर बोलणारा कितीही चांगला असो, तो मध्येच येतो. पराभूत संघाच्या चेहऱ्यांनाही हाच न्याय द्या, मग ते समोरच्या कॉलेजचे का असेनात.

दहानंतरचं सोपं आहे. स्पीकर बंद, प्रक्षेपण चालू, आणि कानावर हेडफोन. स्पीकर बंद झाले की स्वतःचा आवाज कमी ऐकू येतो म्हणून माणूस आपोआप ओरडू लागतो आणि समोरच्या इमारतीतून खिडक्या उघडतात. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज थोडा वाढवून घ्या, मग तो आपोआप खाली येईल. मंडपाची इमारतींकडची बाजू जाड कापडाने बंद करा.