प्रिंटर १, मुलं ६२ : डिझाइन शिकवायचं कसं?

प्रश्न : मी आडगावला आठवी-नववीला विज्ञान शिकवते. शाळेला अटल टिंकरिंग लॅब मिळालीय आणि डिझाइन अँड टेक्नॉलॉजीचे तास माझ्याकडे आलेत. वर्गात ६२ मुलं, थ्रीडी प्रिंटर एकच. मुलं नेटवरून कीचेन डाउनलोड करून प्रिंट काढतात, प्रदर्शनाला तर पालक रेडीमेड मॉडेलच विकत आणतात. मग मी शिकवू काय?
– एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : ताई, तुम्हाला हे खटकतंय याचाच मला आनंद झाला. त्या कीचेनमध्ये मुलाने स्वतः काय ठरवलं? काहीच नाही, माप, आकार, जाडी सगळं दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं. आणि डिझाइन म्हणजे तर ठरवणंच, का ठरवलं ते सांगता येणं.

तुमच्या वर्गात निम्म्या मुलांच्या घरी किंवा मामाकडे कांदा असणार. मग कांदा साठवायची चाळ घ्या. चाळ जमिनीपासून उचललेली का असते, खाली फळ्यांमध्ये फटी का, ती अरुंद आणि लांब का, हे आधी घरी विचारून यायला सांगा, आजोबांकडून जे कळेल ते कुठल्या पुस्तकात नाही मिळणार. मग पाच-सहा जणांचे गट करून छोटी चाळ बनवायची. द्राक्षाच्या सीझनला पुठ्ठ्याची खोकी आपल्याकडे ढिगाने मिळतात, तीच वापरा. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या ठेवल्या तर तो वजन पेलतो, आडव्या ठेवल्या की लगेच बसतो, पण हे आधी सांगू नका हं, एखाद्या गटाची चाळ बसू दे, मग सगळे मिळून ती फाडून बघा.

प्रत्येक चाळीत मोजून कांदे टाका, एक खोकं मुद्दाम बंद ठेवा आणि दर आठवड्याला वजन करा. नुसत्या वजनावर निकाल लावू नका मात्र. हवा खेळली की कांदा सुकून वजन थोडं घटणारच, बंद खोक्यात ओल कोंडून तो सडतो नाहीतर कोंब येतात, म्हणून सडलेले आणि कोंब आलेले वेगळे मोजायचे. मग मुलंच म्हणतील, भोकं मोठी करू, तळ उचलू. दुसरं मॉडेल तिथूनच सुरू होतं आणि माझ्या मते खरा तासही तोच.

प्रिंटर लागेल तेव्हा लागेल, एखादा जोडणीचा तुकडा हवा असेल तर मुलांनी स्वतः मापं घेऊन काढावा. पीएलए, म्हणजे प्रिंटरमध्ये वापरतात ते प्लॅस्टिक, साधारण ६० अंशाला मऊ पडतं, त्यामुळे एप्रिलमध्ये बंद गाडीत ठेवलेला तुकडा वाकडा होऊ शकतो, हेसुद्धा मुलांना हातात घेऊन कळू दे.

हे काही मी नवीन सांगत नाहीये. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने काम करत शिकण्यासाठीच, आणि तिथला अभ्यासक्रम आपल्याच राज्यातल्या शाळांमध्ये चालतो. जमलं तर एकदा जाऊन या.

मार्क वहीला द्या, मॉडेलला नको. वहीत पहिलं स्केच, मापं, काय फसलं आणि नंतर काय बदललं एवढं हवंच. ही वही बाजारात मिळत नाही, त्यामुळे रेडीमेड मॉडेलचा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो. प्रदर्शनात आधीची खचलेली चाळ आणि नंतरची चाळ शेजारी शेजारी मांडा, बघायला येणाऱ्यांना काय बदललं ते मुलंच सांगतील.