फोंड्यात लोकरीचे टोपडे कशाला?

प्रिय मुक्ता,

फोंड्यात डिसेंबरातही पंखा लागतो, मग शेजारच्या बाळासाठी आजी लोकरीचे टोपडे का विणते आणि ही आपली मराठी रीत आहे का, असे तू विचारले आहेस.

रीत बाळंतविड्याची आहे. लोकर त्यात मागाहून आली. झबली-दुपटी पूर्वी जुन्या मऊ लुगड्यांची शिवत. दोन सुयांवरचे विणकाम आपल्याकडे पसरले ते युरोपीय लोकांमुळे आणि मिशनऱ्यांच्या शाळांमुळे. तान्ह्या बाळाच्या डोक्यातून अंगाची ऊब लवकर जाते, आणि आपल्या पावसाळ्यातली ओल तर तुला ठाऊकच आहे, त्यामुळे टोपडे अगदीच निरुपयोगी नाही. आजीने कडेला एक टाका सुलट, एक उलट घातला आहे, तो बोटाने ताणून पाहा. त्यानेच ती कड डोक्याबरोबर सैल होते आणि पुन्हा आवळते.

मी राहते त्या नॉटिंगहॅमजवळच्या काल्व्हर्टन गावी विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचे यंत्र केले. तेव्हा इंग्लंडात हाताने मोजे विणणे हा कित्येक गरीब घरांचा पोटापाण्याचा धंदा होता. पुढे यंत्रांनी तो हळूहळू गिळला आणि १८११ मध्ये, मजुरी घटली म्हणून, यंत्रावर विणणाऱ्या कारागिरांनीच इथली यंत्रे फोडली. पोटासाठी विणण्याची गरज सरली तरी सुया थांबल्या नाहीत: दोन्ही महायुद्धांत बायकांनी सैनिकांसाठी मोजे विणले, आणि १९६२ च्या चीन युद्धात आपल्याकडेही हिमालयातल्या जवानांसाठी स्वेटर विणले गेले.

आजीच्या तरुणपणी कारण निराळे होते. रुखवतात मांडलेला क्रोशाचा रुमाल म्हणजे मुलीच्या गुणांचे प्रमाणपत्रच. ते मला कधी पटले नाही, पण त्या निमित्ताने तिच्या हाताला जे वळण लागले ते टिकले. आता इथे चांगली लोकर विकत घ्यायला गेले तर तयार स्वेटरपेक्षा महाग पडते, तरी माझ्या वॉर्डातल्या तरुण परिचारिका सुटीच्या वेळात विणत बसतात, कारण टाके मोजताना दिवसभराची दगदग डोक्यातून जाते, असे त्या सांगतात. आजीचे तसे नसावे. तयार बाळंतविडा आता मडगावच्या दुकानात हवा तेव्हा मिळतो. तरीही शेजारच्या काकूंनी बाकी सगळे विकत आणून टोपडे मात्र तिच्याकडेच मागितले.

तुझी आई