मांजराला अचानक डायबेटिस निघाला. रोज दोनदा इन्सुलिन टोचणं घरी जमतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नऊ वर्षांचा बोका, भरपूर पाणी प्यायला लागला, खाऊनही वाळत चालला, साखर ४२० निघाली. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा एकेक युनिट इन्सुलिन लिहून दिलंय आणि तुमचे हात आत्तापासूनच थरथरताहेत.

जमतं. टोचणं हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. घोटाळे होतात ते सिरिंज घेताना आणि खाणं बदलताना, म्हणून त्यांवरच जास्त लिहितो.

आधी निदानाचं. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेही ३०० च्या वर जाते, म्हणून एकाच आकड्यावर विसंबायचं नसतं. फ्रुक्टोसामाइन ही रक्तचाचणी मागच्या एक-दोन आठवड्यांतल्या साखरेचा अंदाज देते. ती झाली नसेल तर विचारा, पुढे तुलनेलाही उपयोगी पडेल. लघवीत कीटोन (साखरेऐवजी चरबी जाळताना शरीरात तयार होणारे पदार्थ) आणि जंतुसंसर्ग आहे का तेही बघून घ्यायला सांगा. सुजलेल्या हिरड्या, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा खाजेसाठी दिलेलं स्टेरॉइड, यांपैकी काही असेल तर इन्सुलिनचा जोर पडत नाही आणि डोस उगाच वाढत जातो.

‘गोळीवर भागणार नाही का?’ असंही तुम्ही विचारलंय. अमेरिकेत २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिनच्या गोळीला आणि २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिनच्या पातळ औषधाला मांजरांसाठी मंजुरी मिळाली. पण ती निवडक मांजरांनाच देतात. आधी इन्सुलिन घेतलेल्या, कीटोन असलेल्या किंवा नीट न खाणाऱ्या मांजराला ती देत नाहीत. शिवाय इन्सुलिन लवकर सुरू करण्यामागे एक कारण आहे. साखर सतत चढलेली राहिली की तिच्याच माऱ्याने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी थकतात. बाहेरून इन्सुलिन देऊन साखर उतरवली की त्यांना उसंत मिळते आणि काही मांजरांत त्या पुन्हा कामाला लागतात.

आता सिरिंज. इन्सुलिनच्या बाटलीवर यू-४० किंवा यू-१०० लिहिलेलं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० किंवा १०० युनिट. सिरिंजवरही तेच अक्षर आणि तोच आकडा हवा. यू-१०० चं इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजमध्ये ‘१’ च्या खुणेपर्यंत ओढलं तर आत १ नाही, २.५ युनिट जातात, आणि एवढ्याने मांजर आकडीत जाऊ शकतं. उलटं केलं तर जेमतेम ०.४ युनिट जातं आणि ‘औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार सुरू होते. यू-१०० असेल तर ०.३ मिलिलिटरची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली सिरिंज मागा. एक युनिट म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग, थेंबाहूनही कमी, त्यामुळे हवेचा एक बुडबुडासुद्धा डोस खातो. सिरिंज उभी धरून टिचकी मारा आणि बुडबुडा बाटलीत परत ढकला.

बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवा. फ्रीजरजवळ नको, दारातही नको. ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, ते हलवायचं नाही, आणि गढूळ दिसलं तर टाकून द्यायचं. इतर काही इन्सुलिनं मुळातच दुधाळ असतात. ती कशी मिसळायची हे बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे करा.

टोचायची जागा म्हणजे बरगड्यांच्या बाजूची किंवा कुशीची सैल कातडी. वाटी समोर ठेवा. त्याचं तोंड वाटीत असताना कातडी चिमटीत धरून वर उचला, तंबूसारखी पोकळी होते. सुई पाठीला साधारण समांतर ठेवून त्या पोकळीत सरकवा, दट्ट्या दाबा, बाहेर काढा. सुई बारीक असते, बहुतेक बोके घास सोडत नाहीत. जागा रोज बदला. मग बोट फिरवून पाहा. केस ओले लागले आणि औषधाचा वास आला, तर सुई कातडीतून आरपार गेली. अशा वेळी दुसरा डोस देऊ नका, थोडं तरी आत गेलं असेल. एक वेळ साखर चढलेली राहिली तर फारसं बिघडत नाही, डोस दुप्पट झाला तर जीव जाऊ शकतो. चुकलेला डोसही पुढच्या डोसात मिळवायचा नाही. घरात दोघं टोचणारे असतील तर फ्रिजवर कागद लावून प्रत्येक डोसाची खूण करा. ‘मला वाटलं तू दिलं नाहीस’ हे फार घडतं.

खाण्याचं गणित पाकिटावरूनच काढता येतं. कर्बोदकं क्वचितच छापलेली असतात, म्हणून १०० मधून प्रथिनं, मेद, तंतू, राख (म्हणजे खनिजं) आणि ओलावा यांचे टक्के वजा करा. समजा ओल्या डब्यात प्रथिनं ११, मेद ५, तंतू १, राख २, ओलावा ७९, तर उरले २. प्रथिनं आणि कर्बोदकांना ३.५ ने, मेदाला ८.५ ने गुणा: ३८.५ + ७ + ४२.५ = ८८. त्यातले कर्बोदकांचे ७, म्हणजे सुमारे ८ टक्के ऊर्जा. मांजराला १२ टक्क्यांच्या आत हवी. हेच प्रथिनं ३२, मेद १२, तंतू ४, राख ८, ओलावा ८ असलेल्या कोरड्या दाण्यांचं केलंत तर ३७ टक्के येतात. पाकिटावर ‘धान्यविरहित’ लिहिलेलं असेल तरी फसू नका, धान्याऐवजी बटाटा किंवा वाटाणा असतो.

पण हे वाचून आजच वाटी बदलू नका! कर्बोदकं घटली की इन्सुलिनची गरजही घटते, कधी दोन-तीन दिवसांतच. डोस तोच राहिला तर साखर कोसळते. बदल डॉक्टरांना सांगून, हळूहळू आणि साखर मोजत करा. बोका लठ्ठ असला तरी उपाशी ठेवू नका, मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि तो वेगळाच आजार होऊन बसतो.

साखर घरीच मोजा. कान हाताने ऊबदार करा, मागे कापूस धरा आणि कडेजवळ टोचा. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराची साखर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, कारण मांजराच्या रक्तात बहुतेक साखर तांबड्या पेशींबाहेर असते आणि यंत्राचं गणित माणसाच्या रक्ताचं असतं. प्राण्यांचा मीटर घेतलात तर त्यात मांजराचा कोड आणि पट्ट्यांचा कोड बरोबर घाला. सुरुवातीच्या आठवड्यांत डोसाआधी आकडा २०० च्या खाली असेल, किंवा तो जेवला नसेल, तर टोचण्याआधी फोन करा. डोस मनाने वाढवू नका. इन्सुलिनचा परिणाम स्थिरावायला पाच-सात दिवस लागतात आणि बदलही अर्ध्या-एका युनिटचाच असतो.

६० च्या खाली धोका. झोकांड्या, अचानक भूक, अंग थरथरणं, शून्यात बघणं ही लक्षणं. खात असेल तर लगेच खायला द्या. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा, चमचाभर पुरतं, आणि दवाखाना गाठा. आकडी आलेल्या मांजराच्या तोंडात काही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. उलट टोकाला, उलट्या, मलूलपणा, अन्न सोडणं, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास अशी चिन्हं दिसली तर कीटोन वाढले असावेत. त्यात सकाळची वाट बघू नका.

मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालत असेल तर तो नसांवरचा परिणाम आहे, साखर ताब्यात आली की काही आठवड्यांत-महिन्यांत बऱ्याचदा सुधारतो. एका वेळचा डोस किलोमागे दीड युनिटच्या वर जाऊनही साखर उतरत नसेल, तर पीयूषिकेची, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची, गाठ आहे का हे पाहायला आयजीएफ-१ ही रक्तचाचणी सुचवा.

काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतं, आणि ती शक्यता पहिल्या सहा महिन्यांत जास्त. डोस अर्ध्या युनिटवर येऊनही साखर १०० च्या आसपास राहू लागली की डॉक्टर ते थांबवून बघतात. सुटल्यावरही अधूनमधून कान टोचून आकडा बघा, कमी कर्बोदकांचं खाणं सोडू नका, आणि कोणत्याही कारणाने कुणी स्टेरॉइड लिहून देऊ लागलं तर ‘याला डायबेटिस होता’ हे आधी सांगा.