वाचकांचे प्रश्न : मक्यावरची लष्करी अळी

प्रश्न : टोकण करून महिना झाला. इमामेक्टिन दोनदा मारले, तरी पोंग्यात अळी आहेच. औषध बनावट असेल का? (एक वाचक, निपाणी तालुका)

उत्तर : दुकानदाराला जाब विचारण्याआधी पोंगा, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांची गुंडाळी, उकलून पाहा. आत ओल्या भुशासारखी विष्ठा दाटली असेल, तर अळी तिसऱ्या अवस्थेच्या पुढे गेली आहे. त्या विष्ठेचे बूच बसले की वरून मारलेले पाणी अळीपर्यंत पोचत नाही. बहुतेक फवारण्या इथेच वाया जातात. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडून दुसऱ्या भागावर चौकोनात चार ठिपके दिसले, तर ती अमेरिकन लष्करी अळीच.

आता विषारी आमिष वापरा. एकरी 10 किलो भाताचा कोंडा आणि 2 किलो गूळ 2-3 लिटर पाण्यात कालवून 24 तास आंबवा. टाकण्याआधी अर्धा तास त्यात 100 ग्रॅम थायोडिकार्ब हे कीटकनाशक मिसळा आणि संध्याकाळी चिमूट-चिमूट पोंग्यात सोडा. थायोडिकार्ब तीव्र विष आहे. हातमोजे घालाच, आणि त्या शेतात जनावरे, कोंबड्या फिरकू देऊ नका.

पुढच्या हंगामात उगवण होताच एकरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासाने या अळीचे नर पतंग ओढणारे) लावा. आठवड्यातून दोनदा शेतात पाच ठिकाणी प्रत्येकी 20 झाडे तपासा. पहिल्या तीन आठवड्यांत शंभरात 5 झाडे खाल्लेली दिसली, की 5 टक्के निंबोळी अर्क. त्यानंतर 10 च्या वर गेली, तर इमामेक्टिन 5 टक्के लिटरला 0.4 ग्रॅम किंवा क्लोरँट्रानिलिप्रोल 18.5 टक्के लिटरला 0.4 मिली. नोझल थेट पोंग्यावर धरा. फवारा पानांवरून ओघळला तर उपयोग नाही. एकच औषध पाठोपाठ मारू नका. शेजारीपाजारी टोकण शक्यतो एकाच आठवड्यात उरका. उशिरा टोकलेल्या मक्यावर सगळ्या शिवारातले पतंग उतरतात.

प्रश्न : जागतिक पातळीवर या अळीवर काय चालले आहे? त्याचा आम्हाला काय उपयोग? (चिकोडी)

उत्तर : ही अळी मूळची अमेरिका खंडातली. आफ्रिकेत ती 2016 मध्ये आढळली, आणि भारतात प्रथम 2018 मध्ये आपल्याच कर्नाटकात, शिवमोग्ग्याकडे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने डिसेंबर 2019 मध्ये तिच्याविरुद्ध जागतिक मोहीम जाहीर केली. मोबाइलवरून सापळ्यातले पतंग आणि खाल्लेली झाडे नोंदवण्याची सोयही या संघटनेने केली आहे. पतंग एका रात्रीत 100 किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो, म्हणून ही नोंद औषधाइतकीच मोलाची. हद्दीपलीकडे महाराष्ट्रातल्या कागल-गडहिंग्लजच्या सापळ्यांत पतंग वाढले, तर निपाणीला ते त्याच दिवशी कळायला हवे, आणि उलटही. आपला आकडा रयत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयात) द्या, पण पलीकडच्या पाहुण्यांनाही फोनवर सांगा. राज्याची हद्द माणसांची आहे; माहिती तिथे अडली की दोन्हीकडचे पीक जाते.

बियाण्याबाबत : आंतरराष्ट्रीय मका संशोधन संस्था सिमिटने केनियात काम करून 2020 मध्ये या अळीला तग धरणारे तीन संकर जाहीर केले. ते पूर्व व दक्षिण आफ्रिकेसाठी आहेत, आणि त्यांनाही अळी लागते. नुकसान कमी होते, एवढेच. ते नाव सांगून कोणी पिशवी विकत असेल तर घेऊ नका. आपल्या हवामानासाठी मात्र कामाची सोय जवळ आली आहे. 2021 मध्ये तुमकूर जिल्ह्यातील कुणिगल इथे सिमिट आणि बेंगळुरू कृषी विद्यापीठाने एक केंद्र उभारले. ज्यांच्यापासून संकर बनतात ते शुद्ध वाण तयार व्हायला एरवी सहा-आठ पिढ्या लागतात, तिथे ते दोन-तीन हंगामांत होतात.

प्रश्न : चाऱ्याच्या मक्यावर काय फवारावे? (खानापूर)

उत्तर : रासायनिक औषध टाळाच. निंबोळी अर्क, किंवा मेटारायझियम रिलेई ही बुरशी लिटरला 5 ग्रॅम, संध्याकाळी, हवेत दमटपणा असताना. ती लहान अळीवरच चालते, म्हणून उशीर नको. त्याच पंपात बुरशीनाशक मिसळू नका, बुरशीच मरते.