खडखड एक नाही, दोन आहेत

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर कळेल. १७ वर्षांची पेट्रोल गाडी, चार सिलिंडर, मॅन्युअल गिअर, १,४०,००० किलोमीटर. सकाळी पहिला स्टार्ट मारला की दोन सेकंद खडखड, मग शांत. वीसेक मिनिटं चालवल्यावर पुन्हा खडखड, पण फक्त १८०० ते २२०० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) दरम्यान. त्याच्या वर गेलं की नाहीशी. एका मेकॅनिकने टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) सेट केले, फरक पडला नाही. दुसऱ्याने जाड ऑइल भरलं आणि फिल्टर बदलला, तेव्हापासून सकाळची खडखड उलट वाढली. तिसरा म्हणतो, इंजिन उतरवून खोलावं लागेल.

इंजिन उतरवायचं आज ठरवू नका. तुमच्या वर्णनात मला दोन वेगळे आवाज दिसतात. एक गार इंजिनाचा, दोन सेकंदांचा. दुसरा गरम इंजिनाचा, ठराविक वेगाला येणारा. दोघांनाही ‘खडखड’ म्हटलं गेलं आणि एकाच कारणात दोन्ही बसवायचा प्रयत्न झाला, म्हणून तिघांची तीन उत्तरं आली. पण झालेला खर्च अगदीच वाया गेलेला नाही. टॅपेट सेट करूनही गरम खडखड तशीच राहिली आणि ऑइल जाड केल्यावर गार खडखड वाढली, हे दोन्ही चांगले पुरावे आहेत. पुढचं सगळं मी त्यांच्यावरूनच सांगतोय.

आवाज आला की आपण लगेच बोनेट उघडतो आणि कुठून येतोय ते शोधायला लागतो. मी बोनेट सगळ्यात शेवटी उघडतो. इंजिन म्हणजे एकमेकांना घट्ट आवळलेले धातूचे तुकडे. एका टोकाला बसलेला ठोका दुसऱ्या टोकाला जवळजवळ तितकाच स्पष्ट ऐकू येतो. पुढच्या पुलीचा आवाज तळाच्या ऑइल चेंबरमधून आल्यासारखा वाटतो, सायलेन्सरवरचा सैल पत्रा थेट इंजिनाच्या माथ्यावर, हेडमध्ये वाजल्यासारखा. म्हणून जागेच्या बाबतीत मी कानावर भरवसा ठेवत नाही, वेळेच्या बाबतीत ठेवतो. गार असताना की गरम, चढावर की उतारावर, ॲक्सिलरेटर दाबताना की सोडताना, क्लच दाबून की सोडून, कितव्या आरपीएमला. एवढं वहीत लिहून काढलं की निम्मे संशयित बोनेट न उघडताच गळतात.

ठोक्यांची गतीही मोजता येते. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट, पिस्टनमुळे फिरणाऱ्या क्रँकच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरतो. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, ८०० आरपीएम असताना एकच टॅपेट वाजत असेल तर मिनिटाला ४०० ठोके, म्हणजे सेकंदाला सातापेक्षा किंचित कमी. हे ठोके कानाला सुटे सुटे कळतात, टिक-टिक-टिक. क्रँकबरोबर फिरणारं काही वाजत असेल तर मिनिटाला ८००, सेकंदाला तेराच्या वर, आणि ते एकमेकांत मिसळायला लागतात. जुन्या, डिस्ट्रिब्युटर असलेल्या इंजिनावर एका स्पार्क प्लगच्या वायरीला टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) लावून हे आणखी पक्कं करता येतं: दिव्याच्या प्रत्येक उघडझापीला एक ठोका आला तर आवाज कॅमच्या बाजूचा, दोन आले तर क्रँकच्या.

आता सकाळचे दोन सेकंद. गाडी रात्रभर उभी राहिली की वरचं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. टायमिंग चेन (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) असलेल्या बहुतेक इंजिनांत चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. दाब येईपर्यंत चेन सैल असते आणि तिला सरळ धरणाऱ्या पट्टीवर, म्हणजे गाइडवर आपटते. दाब आला की गप्प. तुमचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं. असाच आवाज ऑइलच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक टॅपेटही करतात, पण तुमचे टॅपेट फिलर गेज (फट मोजायची पट्टी) लावून सेट केले आहेत, म्हणजे ते हायड्रॉलिक नाहीत. तो संशय गेला. तुमच्या इंजिनात चेन आहे की रबरी पट्टा, एवढं मात्र मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. पट्टा असेल तर हा परिच्छेद आणि पुढचा तुमच्यासाठी नाही.

मग ऑइल बदलल्यावर आवाज वाढला का? त्या दिवशी दोन गोष्टी बदलल्या होत्या. जाड ऑइल गार असताना सावकाश वर चढतं, त्यामुळे चेन जास्त वेळ सैल राहते. आवाज दाबायला जाड ऑइल भरायची पद्धत फार जुनी आहे आणि झिजलेल्या इंजिनात गरम झाल्यावर तिचा थोडा उपयोग होतोही, पण गार स्टार्टला ती उलटते. दुसरी गोष्ट फिल्टर. फिल्टरच्या आत रबराची एक झडप असते. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल परत ओघळू नये हे तिचं काम. फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसत असेल तर सगळी भिस्त तिच्यावरच. ती नीट बसली नाही तर फिल्टर रात्रीतून रिकामा होतो. सकाळी पंप आधी फिल्टर भरतो, मग चेनची पाळी येते. म्हणून मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल आणि गाडीच्या कंपनीचा फिल्टर, दोन्ही बदला आणि आठवडाभर रोज सकाळी आवाज किती सेकंद राहतो ते लिहून ठेवा. पूर्ण गेला तर उत्तम. राहिला तर टेन्शनर, गाइड आणि चेन तपासायलाच हवी. इतक्या किलोमीटरनंतर कड्यांच्या पिना झिजून चेन लांबलेली असू शकते, आणि ती एक दात जरी सरकली तरी टायमिंग बिघडतं. जास्त सरकली तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. इथे चालढकल करू नका. बऱ्याच गाड्यांत हे काम इंजिन गाडीतच ठेवून होतं.

गरम खडखडीबद्दल मला जास्त खात्री आहे. झिजलेलं बेअरिंग १८०० ला वाजतं आणि २५०० ला शांत होतं, असं सहसा होत नाही. ठराविक पट्ट्यातच वाजणारी वस्तू बहुधा कुठेतरी लटकलेली असते. झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावला तर झोका चढत जातो, वेळ चुकली तर मरतो. तसंच इथे आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेरीला दोन स्फोट होतात. २००० आरपीएमला ते सेकंदाला ६७ च्या आसपास होतात. ज्या पत्र्याची स्वतःची थरथर या आकड्याशी जुळते तो तिथे किंचाळतो आणि वेग वाढला की गप्प होतो. इंजिन गरम झाल्यावरच का? तापल्यावर सायलेन्सरचा पाइप आणि त्याच्यावरचा पत्रा सारखे प्रसरण पावत नाहीत. गंजून मोठ्या झालेल्या बोल्टच्या भोकाभोवती तिथे फट पडते.

माझा पहिला संशय हीट शील्डवर आहे, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर आणणारे पाइप) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (धूर स्वच्छ करणारा डबा) बसवलेला तो पातळ पत्रा. इंजिन बंद आणि पूर्ण गार असताना त्यावर मूठ आपटा. किणकिणला तर सापडला. कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलकेच ठोकून पाहा; आतली जाळी फुटली असेल तर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, आणि तसा आला तर कन्व्हर्टर बदलावा लागेल. त्यानंतर डिपस्टिकची नळी (तिचा बोल्ट कोणीतरी परत लावायचा विसरतो, हे मी अनेकदा पाहिलंय), एअर फिल्टरचा डबा, एसीच्या पाइपच्या क्लिपा, सायलेन्सरचे रबरी हँगर. गरम इंजिनावर पक्कं करायचं असेल तर एकाला आत बसवून आरपीएम २००० ला धरायला सांगा आणि तुम्ही लांब लाकडी काठीने एकेक वस्तू दाबत जा. ज्या वस्तूवर काठी टेकताच खडखड थांबते, ती गुन्हेगार. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, जागा मोकळ्या हवेची, बाह्या दुमडलेल्या, ओढणी किंवा मफलर काढून ठेवलेला. रेडिएटरचा विजेचा पंखा कधीही अचानक सुरू होतो. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली एक मिनिटही जाऊ नका.

हीट शील्ड सापडलं तर उपटून फेकू नका. त्या पत्र्यामुळेच आजूबाजूच्या वायरी, रबरी होज आणि गाडीचा तळ वाचतो, गाडीखालचं वाळलं गवत पेटत नाही. गंजलेल्या भोकावर मोठा वॉशर टाकून बोल्ट आवळा, किंवा स्टीलची मोठी होज क्लिप पत्र्याभोवती गुंडाळून कसा.

काठीने काही सापडलं नाही तर अल्टरनेटर आणि एसी फिरवणारा बाहेरचा बेल्ट काढून बघा. इथे मला माझ्या स्वतःच्या गाडीचं सांगायला हवं, कारण ती चूक तुमच्याकडून होऊ नये असं मनापासून वाटतं. माझ्या गाडीत आयडलला खालून जड ठक-ठक यायची. ज्याला मी मानायचो त्या मेकॅनिकने कान लावला आणि बिग एंड म्हणाला, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं बेअरिंग. मीही ऐकलं, मलाही तेच वाटलं. चेंबर उतरवलं, बेअरिंगचे चारही सेट काढले. सगळे चांगले, एकावरही ओरखडा नाही. तरी नवीन घातले, कारण एवढं उघडलंच होतं. गाडी सुरू केली आणि तोच आवाज. नंतर कळलं की क्रँकची पुढची पुली गेली होती. बऱ्याच गाड्यांत ही पुली अखंड नसते. आतला भाग आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबराचा थर असतो, क्रँकची पिळवटणारी थरथर शोषून घ्यायला. वयानुसार रबर सुटतं आणि बाहेरची कडी सैल होऊन ठोके देते. ठोका क्रँकवरच बसतो, म्हणून खालच्या बेअरिंगसारखा ऐकू येतो. तपासायला पैसाही लागत नाही. इंजिन बंद असताना आतल्या भागावरून बाहेरच्या कडीवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढायची, दोन दिवस गाडी चालवायची आणि बघायचं. रेघ तुटून पुढेमागे झाली असेल तर रबर सुटलं. माझी रेघ एका दिवसात बोटभर सरकली होती.

बेल्ट काढून इंजिन चालवलं की अल्टरनेटर, एसीचा कंप्रेसर, बेल्टचा टेन्शनर आणि आयडलर पुली सगळे एकदम बाहेर पडतात. आवाज गेला तर त्यातलाच कोणीतरी. हाताने प्रत्येक पुली फिरवून खरखर आणि हेलकावा बघा. पण वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर पाणी फिरत नाही, म्हणून अर्ध्या मिनिटाच्या वर चालवू नका. टायमिंगचा पट्टा मात्र वेगळा असतो, त्याला हात लावायचा नाही.

क्लचची परीक्षा दोन सेकंदांची आहे. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना आवाज येतो आणि दाबल्यावर जातो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बघा. दाबल्यावरच येतो, तर क्लचचं रिलीज बेअरिंग.

आता तिसऱ्या मेकॅनिकला ज्याची भीती वाटते आहे ते. बिग एंड खरंच गेलं असेल तर ठोका जड, खोल येतो, गरम झाल्यावर वाढतो कारण ऑइल पातळ होतं, आणि ॲक्सिलरेटर देऊन सोडताना सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो. त्या सिलिंडरला पेट्रोल देणाऱ्या इंजेक्टरचा विजेचा प्लग काढला की तो ठोका लगेच हलका होतो. स्पार्क प्लगची वायर काढण्यापेक्षा इंजेक्टर बंद करणं बरं, कारण मग न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जात नाही. तुमचा आवाजही गरम झाल्यावरच येतो, पण ठराविक आरपीएमलाच; बाकी यातलं काही तुमच्या वर्णनात नाही. तरीही मन शांत करायचं असेल तर ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी गेज लावून गरम इंजिनाचा दाब मोजून घ्या आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहा. ऑइल बदलणारच आहात, तर काढलेलं ऑइल स्वच्छ पांढऱ्या भांड्यात घ्या, जुना फिल्टर कापून घडीदार कागद पसरवा. बेअरिंगचा चुरा चकचकीत असतो आणि चुंबकाला बहुधा चिकटत नाही. चिकटणारा चुरा दिसला तर तो चेन, गिअर किंवा कॅमसारख्या पोलादी भागाचा. दाब कमी निघाला किंवा चकाकता चुरा दिसला तर गाडी तिथेच उभी करा, चालवत गॅरेजला नेऊ नका.

या क्रमाने जा: आधी गार इंजिनावर मूठ आणि रबरी हातोडी, मग योग्य ऑइल व फिल्टर, मग काठी, मग बेल्ट. हे सगळं करूनही गरम खडखड राहिली तर मला तीन गोष्टी कळवा: चेन की पट्टा, ऑइलचा दाब किती निघाला, आणि पुलीवरची रेघ सरकली का. शक्य झालं तर मोबाइल आरपीएमच्या काट्यासमोर धरून एक मिनिटाचं रेकॉर्डिंगही करा, वेग हळूहळू १५०० वरून २५०० पर्यंत नेत. आवाज नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे तुटतो, ते मला ऐकायचं आहे.